चैत्रासाठी मोगरा आणि तरंगत्या मेणबत्त्या : आधी काय, नंतर काय

कुंडीतल्या मोगऱ्याबद्दल दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते: पानं भरपूर, फूल एकही नाही. घरी केलेल्या मेणबत्तीबद्दलही तेच: मोगऱ्याची फुलं घालून केली, पण वास आला नाही आणि धूर मात्र झाला. दोन्हीकडे बहुतेक वेळा सामान बरोबर असतं, चुकतो तो क्रम. छाटणी उशिरा होते, खत लवकर पडतं, मेण वितळल्यावर वातीची शोधाशोध सुरू होते.

इथे लक्ष्य एकच धरलं आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घंगाळातल्या पाण्यावर घरचा मोगरा आणि चार-पाच घरच्या मेणबत्त्या तरंगल्या पाहिजेत. चैत्रगौर चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर असते, त्यामुळे दिवस पुढेमागे करायला वाव आहे. पण पंचांगातला वसंत चैत्रात आला तरी कुंडीतला वसंत माघातच सुरू करावा लागतो. चैत्र उजाडल्यावर कात्री हातात घेणाऱ्याला फुलं मिळतात ती वैशाखाच्या शेवटी.

आधी ऊन तपासा

मोगऱ्याला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. त्याखाली झाड जगतं, पण फुलत नाही. इथे एक गोष्ट पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. दक्षिणेकडच्या बाल्कनीत जानेवारीत छान ऊन येतं, म्हणून कुंडी तिथे ठेवली जाते. पुढे सूर्य उत्तरेकडे सरकत जातो आणि मे महिन्याच्या मध्यावर मुंबई-पुण्यात दुपारी थेट डोक्यावर येतो, तोच आपला शून्य सावली दिवस. तोवर वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली त्या बाल्कनीवर पडलेली असते. म्हणजे फुलांच्या ऐन दिवसांत ऊन गायब. पूर्वेची किंवा पश्चिमेची बाल्कनी, किंवा गच्ची, मोगऱ्याला जास्त मानवते. फक्त उत्तरेची बाल्कनी असेल तर मोगऱ्याचा हट्ट सोडलेला बरा. कुठलंही खत उन्हाची भरपाई करत नाही.

## टप्पा १ : ताण देणे (जानेवारीचा दुसरा पंधरवडा)

फळबागायतदार बहार धरण्याआधी बागेचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. कुंडीतल्या मोगऱ्यालाही हे मानवतं, फक्त बेताने. दहा-पंधरा दिवस पाणी कमी करा. वरची दोन इंच माती पूर्ण कोरडी झाली की थोडंसं पाणी द्या, तेही झाड मान टाकणार नाही इतपतच. काही पानं पिवळी होऊन गळतील. ते अपेक्षित आहे, घाबरून बादलीभर पाणी ओतू नका.

> सावधान : कुंडीत माती थोडी असते, जमिनीसारखी खालची ओल तिला नसते. फांद्याच सुरकुतायला लागल्या तर ताण जास्त झाला, लगेच पाणी द्या. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या रोपाला या वर्षी ताण नको आणि मोठी छाटणीही नको. त्याला आधी रुळू द्या.

## टप्पा २ : छाटणी (जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य)

मोगरा नव्या फुटीवर फुलतो. जुनी फांदी कितीही जपली तरी ती फक्त पानं वाढवते, म्हणूनच छाटणीत माया दाखवून चालत नाही. मुंबई आणि कोकणात जानेवारीच्या अखेरीस कात्री चालवता येते. पुणे, नाशिक किंवा विदर्भात रात्रीचा गारवा ओसरेपर्यंत थांबा, थंडीत नवी फूट अडकून बसते.

१. छाटणीची कात्री धारदार हवी. पाती स्पिरिटने पुसून घ्या. स्वयंपाकघरातली कात्री फांदी चिरडते आणि तो भाग वरून वाळत जातो.

२. सगळ्यात आधी वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या मुळापासून काढा.

३. उरलेल्या फांद्या वरून साधारण एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कापा. काप डोळ्याच्या, म्हणजे पानांच्या जोडीच्या, किंचित वर आणि थोडा तिरका घ्या. डोळ्यापासून लांब कापलं तर मधला तुकडा वाळतो. डोळ्याला खेटून कापलं तर डोळाच जातो.

४. राहिलेली जुनी पानं हाताने खुडून टाका. झाड अगदी ओकंबोकं दिसेल. घरातली मोठी माणसं हळहळतील. दिसू द्या.

कुंड्या दोन असतील तर दोन्ही एकाच दिवशी छाटू नका. पंधरा दिवसांचं अंतर ठेवलं की एकीचा बहार ओसरताना दुसरीचा सुरू होतो आणि हळदीकुंकवाची तारीख हलली तरी अडत नाही.

## टप्पा ३ : कुंडी बदलायची की नाही?

कुंडीच्या तळाच्या भोकातून मुळं बाहेर आली असतील, किंवा दिलेलं पाणी मातीत न मुरता कडेने निथळून जात असेल तरच बदला. मोगऱ्याला मुळं थोडी दाटीत असलेली आवडतात. छोट्या झाडाला भलीमोठी कुंडी दिली की ते वर्षभर मुळंच पसरवत बसतं. बारा इंची कुंडी वाढलेल्या झाडाला पुरते.

बदलायची असेल तर छाटणी झाल्यावर, त्याच दिवशी. वरचा भार कमी झालेला असतो आणि दुखावलेल्या मुळांना पानं पोसायची नसतात. मुळांचा गोळा बाहेर काढून कडेची गुंतलेली मुळं कापा, पण एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही.

माती अशी: दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भरड वाळू, आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. नुसती काळी माती नको. ती ओली झाली की चिकट होऊन पाणी धरून ठेवते, वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. कोकोपीट वापरणार असाल तर आधी दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या, त्यात खार असतो.

> तपासणी : कुंडी भरून झाल्यावर पाणी घाला. मिनिटाभरात ते खालून यायला लागलं पाहिजे. वर तळं साचून राहिलं तर आताच माती काढून वाळू वाढवा. पुढे फूट आल्यावर हे करता येणार नाही.

कुंडी बदललेली असेल तर चार-पाच दिवस सावलीत ठेवा, नसेल तर थेट उन्हात. संक्रांतीची सुगडं घरात पडून असतील, त्यांचाही उपयोग याच दिवसांत करून टाकावा: तळाला भोक पाडून तुळशीचं बी पेरा. त्यांत मेणबत्त्या करू नका, कारण पुढे येतंच आहे.

## टप्पा ४ : पाणी आणि खत, याच क्रमाने

सगळ्यात जास्त मोगरे मरतात ते छाटणीनंतरच्या पंधरा दिवसांत, आणि मरतात ते लाडाने. छाटणीच्या दिवशी एकदा कुंडी पूर्ण भिजेल इतकं पाणी द्या. त्यानंतर हात आखडता घ्या. झाडावर पानं नाहीत, म्हणजे पाणी उडून जायला वाट नाही. रोज पाणी घातलंत तर ते मातीतच राहतं आणि मुळं कुजतात. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर आज पाणी नाही.

खतासाठी नवी फूट दोन इंच होईपर्यंत थांबा. ऋतुमानाप्रमाणे याला दोन-तीन आठवडे लागतात. मग १०० ग्रॅम शेंगदाण्याची पेंड एक लिटर पाण्यात तीन दिवस झाकून भिजवा, गाळा, आणि एका भागाला दहा भाग साधं पाणी मिसळून अर्धा ते एक लिटर एका कुंडीला द्या. दर पंधरा दिवसांनी एकदा. वास येतो, त्यामुळे शेजाऱ्यांचे कपडे वाळत असताना देऊ नका. पेंडीचा चुरा तसाच मातीवर टाकला तर मुंग्या आणि उंदीर दोन्ही येतात.

युरिया नको. नत्र जास्त झालं की हिरवीगार, लुसलुशीत, लांबलचक फूट येते आणि कळी धरत नाही. ‘पानं भरपूर, फूल एकही नाही’ या तक्रारीमागे उन्हाची कमतरता नसेल तर बहुधा हेच असतं. केळ्याच्या सालींच्या पाण्याने नुकसान होत नाही, पण त्याच्यावर बहार यायचा नाही.

मार्चमध्ये पानं वाढली आणि ऊन तापलं की पाणी हळूहळू वाढवा. एप्रिलमध्ये रोज द्यावं लागेल, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. कळ्या धरल्यानंतर एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट असं केलं तर कळ्या गळतात.

कळ्या येताना बघायच्या दोन गोष्टी. कळी जांभळट पडून उमलत नसेल तर आत अळी आहे. अशा कळ्या खुडून घराबाहेर टाका, कुंडीत नाही. पानांच्या मागे बारीक जाळी आणि पानावर फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी आहे. पानांच्या मागच्या बाजूने जोराने पाणी मारा. पुरलं नाही तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब घालून सूर्य मावळताना फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं दिसत असेल तर ती लोहाची कमतरता. जड पाणी आणि चुनखडीच्या मातीच्या भागात ही हमखास दिसते. तिथे आणखी पेंड घालून काही होत नाही, लोहयुक्त सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी पाकिटावरच्या प्रमाणात करावी.

छाटणीपासून पहिली कळी दिसायला साधारण पाच-सहा आठवडे जातात. मेणाचं काम याच वाट पाहण्याच्या काळात उरकायचं आहे.

## टप्पा ५ : मेण निवडणे

आपला वसंत म्हणजे व्यवहारात उन्हाळाच. परदेशी व्हिडिओ पाहून सोया मेण मागवलं जातं. काचेच्या भांड्यात भरायचं मऊ सोया मेण ४५ ते ५० अंशांच्या आसपास वितळतं. नागपूर-अकोल्याला दुपारची हवाच ४२-४३ अंशांवर जाते, तिथे ते कपाटातच मऊ होऊन घाम सोडतं. तरंगत्या मेणबत्तीला तर बाहेरून आधार देणारी काचही नसते. म्हणून ५८-६० अंशांना वितळणारं पॅराफिन घ्या आणि ९०० ग्रॅममागे १०० ग्रॅम स्टिअरिक ॲसिड मिसळा. त्याने मेणबत्ती टणक होते आणि थंड होताना आकसून साच्यातून सहज सुटते. खोबरेल तेल मिसळण्याचा सल्ला उन्हाळ्यात विसरा, ते मेण आणखी मऊ करतं.

आता मोगऱ्याच्या फुलांबद्दल. ती मेणात घालू नका, ताजी नाहीत आणि वाळवलेलीही नाहीत. ताज्या पाकळीत मुख्यतः पाणी असतं. गरम मेणात ती शिजून तपकिरी होते, वास उडून जातो आणि पाण्यामुळे ज्योत तडतडते. वाळलेली पाकळी तर दुसरी वातच: ती पेट घेते. मोगऱ्याचा वास उष्णतेने पळतो हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. फुलेल करताना तिळांवर ताज्या फुलांचे थर देत, फुलं पुन्हा पुन्हा बदलत आणि मग त्या वासाळलेल्या तिळांचं तेल काढत. सगळं गारच.

बाजारातलं सुगंधी तेल घालता येतं, पण माझं मत विचाराल तर इथे घालू नका. शेजारी खरा मोगरा उमलणार आहे, त्याच्यावर बाटलीतला मोगरा चढवण्यात काय हशील?

रंग द्यायचाच असेल तर मेणाचा, तेलात विरघळणारा रंग घ्या. खाण्याचा रंग पाण्यात विरघळणारा असतो, तो मेणात मिसळत नाही, तळाला थेंब होऊन बसतो. मुलांचे क्रेयॉन वातीत अडकून ज्योत गुदमरवतात.

## टप्पा ६ : गॅस पेटवण्याआधीची मांडणी

साचा: जुनं इडलीपात्र. वर पसरट, खाली निमुळता असा हा आकार पाण्यावर छान तोल सांभाळतो. पण एकदा मेणाला वापरलेलं पात्र पुन्हा इडलीला घ्यायचं नाही. छिद्रांचं पात्र चालत नाही, बिनछिद्रांचं हवं. सिलिकॉनचे छोटे साचे मिळाले तर मेणबत्ती काढणं आणखी सोपं.

किती मेण लागेल? साच्याच्या एका वाटीत पाणी भरून ते मापाच्या पेल्यात ओता. जितके मिली भरतील त्याच्या ०.९ पट ग्रॅम मेण. ५० मिलीची वाटी असेल तर ४५ ग्रॅम. त्यात थोडं वरकड धरा. माप घेतल्यावर साचा पूर्ण कोरडा करा. पाण्याचा एक थेंब राहिला तरी मेणबत्तीला खड्डा पडतो.

वात: देवाच्या निरांजनाची कापसाची वात इथे चालत नाही. ती तेल ओढते, मेणात मऊ पडून बुडते. विणलेल्या सुताची, आधीच मेण लावलेली, खाली पत्र्याची चकती असलेली तयार वात घ्या, त्यातही बारीक. तरंगत्या मेणबत्तीत सगळं मेण कडेपर्यंत वितळता कामा नये, कड शाबूत राहिली तरच ती होडीसारखी तरते.

याशिवाय वजनकाटा, तापमापक, मेणासाठीच राखलेलं चोच असलेलं भांडं, त्याहून मोठं पाण्याचं पातेलं, विणकामाची सुई, जुनी वर्तमानपत्रं आणि मेणाच्या भांड्यावर घट्ट बसणारं झाकण. झाकण हाताशी हवं, कपाटात नको.

> सुगडं आणि मातीची बोळकी का नकोत : झिलई नसलेली, सच्छिद्र माती वितळलेलं मेण शोषून घेते. मग भांड्याची भिंतच वातीचं काम करू शकते आणि अख्खं भांडं पेटतं.

## टप्पा ७ : वितळवणे आणि ओतणे

१. मोठ्या पातेल्यात पाणी तापवा आणि त्यात मेणाचं भांडं ठेवा. मेण कधीही थेट आचेवर नाही. आधी स्टिअरिक ॲसिड आणि पॅराफिन एकत्र तोलून घ्या, मग मंद आच.

२. सगळं नितळ झालं की तापमान बघा. ८० अंश पुरेत, ९० च्या वर जाऊ देऊ नका. गॅस सोडून दार उघडायलाही जायचं नाही, आधी बंद करा.

> मेण पेटलं तर : गॅस बंद, भांड्यावर झाकण. पाणी अजिबात टाकू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण सगळीकडे उडतं.

३. साच्याला बोटाने तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. मेण ७५ अंशांच्या आसपास आलं की एका धारेत ओता. भांड्याची बाहेरची बाजू आधी पुसा, नाहीतर वाफेचं पाणी धारेबरोबर साच्यात जातं.

४. वर पापुद्रा धरला आणि आत अजून मऊ आहे, अशा वेळी मधोमध सुईने आरपार भोक पाडा. पॅराफिन थंड होताना आकसतं, त्यामुळे मध्ये खळगा पडेल. राखून ठेवलेलं मेण पुन्हा गरम करून तो भरा, पण भोक मोकळं राहू द्या: सुई तिथेच ठेवून भोवती ओतायचं आणि जरा घट्ट झाल्यावर फिरवून काढायची.

५. तीन-चार तास तसंच राहू द्या. घाई म्हणून फ्रीझरमध्ये ठेवलं की तडे जातात.

६. मेणबत्ती सुटली की वात खालून वर ओवा, चकती तळाशी टेकली पाहिजे. मग तळाला चमचाभर गरम मेण लावून चकती आणि भोक बंद करा. ही पायरी लोक हमखास गाळतात. तळ उघडा राहिला की पाणी वातीत चढतं, ज्योत तडतडते आणि पाच मिनिटांत विझते. मग दोष मेणाला मिळतो.

७. वात वर साधारण ५ मिलिमीटर ठेवून कापा. लांब वात म्हणजे काजळी.

उरलेलं मेण मोरीत किंवा सिंकमध्ये ओतू नका, पाइपमध्ये थिजून बसतं. कागदी कपात ओतून ठेवा, पुढच्या वेळी वापरता येतं.

> तपासणी : आदल्या आठवड्यात एक मेणबत्ती टोपभर पाण्यात सोडून शेवटपर्यंत जाळून बघा. एका बाजूला कलली तर मेण ओतताना साचा समतल नव्हता. कड वितळून मेण पाण्यात सांडलं तर वात जाड झाली. ज्योत मिणमिणून स्वतःच्या मेणात बुडाली तर वात फारच बारीक. वात बदलून पुन्हा एक जाळा, मगच बाकीच्यांत ओवा.

## टप्पा ८ : हळदीकुंकवाच्या दिवशी

मोगरा संध्याकाळी उमलतो, म्हणून दुपारी चारच्या सुमाराला टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र, मिटलेल्या कळ्या खुडा. हिरवट कळी खुडली तर ती तशीच राहते. कळ्या ओलसर सुती कपड्यात सैल गुंडाळून ठेवा. पाण्यात आधीपासून भिजत घातल्या तर पाकळ्या डागाळतात.

घंगाळ किंवा पसरट परात जिथे ठेवायची तिथेच ठेवून मग पाणी भरा, भरलेलं उचलून न्यायला जाऊ नका. जागा अशी, की वाकून कुंकू लावताना कुणाचा पदर त्यावर येणार नाही. पंखा त्या बाजूचा बंद. आधी मेणबत्त्या सोडा, त्यांच्यात चार-पाच बोटांचं अंतर राहील इतक्याच. जवळ आल्या तर एकमेकींना वितळवतात. मग फुलं, देठाची बाजू खाली. पाहुण्या यायच्या वेळेला पेटवा. आंब्याची डाळ आणि पन्हं होईपर्यंत फुलं पूर्ण उमललेली असतात.

विझवताना फुंकर मारू नका, वितळलेलं मेण फुलांवर आणि पाण्यावर उडतं. चमचा उलटा धरून ज्योत झाका. थिजलेलं मेण काढून पाणी गाळा आणि कुंडीलाच घाला.

## टप्पा ९ : बहार ओसरल्यावर

बहुतेक जण इथे थांबतात आणि मोगरा एकदाच फुलला म्हणतात. फुलं संपलेल्या प्रत्येक शेंड्यावरून पानांच्या दोन जोड्या खाली कापा, त्याच दिवशी पेंडीचं पातळ पाणी द्या. काही आठवड्यांत पुन्हा कळ्या येतात. पावसाळा लागेपर्यंत असं दोन-तीनदा करता येतं. पाऊस सुरू झाला की खत बंद, आणि कुंडीखालची ताटली काढून ठेवा. छाटलेल्या जून फांद्यांचे चार-पाच इंची तुकडे याच ओलीत लावले तर मूळ धरतात.